उद्या दुपारी पेंग येणार का, हे आज रात्रीच कसं काढायचं: झोप आणि कॅफिनचा हिशोब

कमी झोपून वर कॉफी मारली की भागतं, असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना तसं वाटणं साहजिकच आहे कारण आपण किती झोपाळलोय हे मोजायला आपल्याकडे आपलाच मेंदू असतो आणि तोच झोपाळलेला असतो. २००३ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला होता, त्यात लोकांना सलग १४ दिवस रोज ४, ६ किंवा ८ तासच अंथरुणात राहू दिलं. ६ तासवाल्यांची कामगिरी रोज थोडी थोडी घसरत गेली आणि शेवटी रात्रभर अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खराब झाली. पण "किती झोप येतेय" असं विचारल्यावर त्यांचं उत्तर सुरुवातीच्या काही दिवसांनंतर फारसं बदललंच नाही, म्हणजे काम बिघडत होतं आणि यांना आपलं वाटत होतं की सवय झाली!

म्हणून भावनेवर न जाता आकड्यावर जायचं. खाली जी पद्धत सांगतोय ती एका साध्या एक्सेल शीटमध्ये बसते, तीन-चार कॉलम, गुणाकार आणि वजाबाकी येत असली की पुरे.

आधी दोन मिनिटं मॉडेल समजून घ्या

झोपेच्या अभ्यासात आलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेलं एक मॉडेल आजही पाया मानतात. त्यात दोन गोष्टी. एक, झोपेचा दाब: जागे असू तोवर वाढतो, झोपलो की उतरतो. दुसरी, शरीराचं घड्याळ: तुम्ही झोपा किंवा नका झोपू, ते आपल्या वेळेला तुम्हाला वर उचलतं आणि आपल्या वेळेला खाली आपटतं. दाबामागे ॲडेनोसिन नावाचं रसायन मोठा भाग आहे, जागेपणी मेंदूत ते साठत जातं. कॅफिन काय करतं, तर ॲडेनोसिन ज्या जागी जाऊन बसतं त्या जागा अडवून ठेवतं. ॲडेनोसिन कमी करत नाही. ते साठतच राहतं, फक्त मेंदूला निरोप पोचत नाही, आणि कॅफिन उतरलं की सगळा निरोप एकदम पोचतो. कॉफीनंतर काही तासांनी जे एकदम गळून गेल्यासारखं होतं त्याचं मोठं कारण हेच.

पायरी १: दोन आठवडे नोंद ठेवा, काही न बदलता

कंटाळवाणी पायरी आहे पण हिच्याशिवाय पुढचं सगळं हवेत. रोज चारच गोष्टी लिहायच्या: अंदाजे कधी झोप लागली, कधी जाग आली, मध्ये डुलकी काढली का, आणि कॅफिन कधी व किती. अंथरुणात पडल्याची वेळ आणि झोप लागल्याची वेळ वेगळी धरा, मोबाइल बघत लोळणं म्हणजे झोप नाही. हातात झोप मोजणारं घड्याळ किंवा बँड असेल तर त्याचा एकूण झोपेचा आकडा घ्या, ते डीप-लाइट वगैरे रंगीत पट्टे सोडून द्या, त्यावर इतका भरवसा ठेवण्यासारखं नाही.

कॅफिनचे आकडे ढोबळ असतात. फिल्टर कॉफीच्या २४० मिलीच्या कपात साधारण ९५ मिलिग्रॅम, इन्स्टंटमध्ये ६० च्या आसपास, एक शॉट एस्प्रेसो ६३, चहाच्या तेवढ्याच कपात ४० ते ५०, एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलीच्या कॅनमध्ये बहुतेक वेळा ८०, कोलाच्या कॅनमध्ये ३५ च्या जवळपास. कप केवढा आणि किती कडक यावर हे दुपटीनेसुद्धा बदलतं, त्यामुळे एकदा नीट ठरवा की "माझा कप म्हणजे इतके मिलिग्रॅम" आणि मग तोच आकडा कायम वापरा. अचूकतेपेक्षा इथे सातत्य कामाचं.

सुट्टीच्या दिवसांची नोंद खास जपा. गजर न लावता कधी झोपता आणि आपसूक कधी उठता त्यावरून तुमचं घड्याळ कळतं.

पायरी २: घड्याळाचा कॉलम

शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं ती वेळ साधारण तुमच्या नेहमीच्या जागं होण्याच्या २-३ तास आधीची असते. ७ ला उठणाऱ्याची ती ४ ते ५ मध्ये येते, आणि तीच सतर्कतेची सगळ्यात खोल दरी. तिथून चढ सुरू होतो, दुपारी १ ते ४ च्या मध्ये एक छोटा खड्डा येतो (जेवण केलं नाही तरी येतो, उगाच जेवणाला दोष देतात) आणि मग संध्याकाळी परत चढ, इतका की नेहमीच्या झोपेच्या आधीचे २-३ तास झोप लागायला सगळ्यात अवघड असतात. उद्या पहाटे उठायचंय म्हणून ९ ला अंथरुणात जाऊन ११ पर्यंत छताकडे बघत बसणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.

शीटमध्ये प्रत्येक तासासमोर घड्याळाचा एक आकडा टाका. मी असं सुचवेन: दरीला उणे ०.१५, सकाळी हळूहळू शून्याकडे, दुपारच्या खड्ड्यात उणे ०.०५, संध्याकाळच्या टोकाला अधिक ०.१५, मधले तास हाताने भरा. हे आकडे माझे कामचलाऊ आहेत, कुठल्या पाठ्यपुस्तकातले नाहीत, पुढे चाचणी घेतल्यावर तुम्ही ते बदलणारच आहात.

पायरी ३: दाबाचा कॉलम, इथे खरी मजा आहे

दाब ० ते १ मध्ये मोजायचा. बोर्बेलींच्या मॉडेलवर १९८४ मध्ये जे गणित झालं त्यातले आकडे घेतले तर ताशी नियम असा निघतो:

जागेपणीचा प्रत्येक तास: १ मधून दाब वजा करा, जे उरेल त्याला ०.९४७ ने गुणा, आणि ते परत १ मधून वजा करा.
झोपेचा प्रत्येक तास: दाबाला ०.७८८ ने गुणा.

बस. यातून लगेच दिसतं की दाब चढायला वेळ लागतो, उतरतो भराभरा, आणि झोपेचे पहिले तास सगळ्यात जास्त काम करतात.

रोज ११ ते ७ झोपणारा माणूस घ्या. सकाळी ७ ला त्याचा दाब ०.०९ च्या आसपास असतो आणि रात्री ११ ला ०.६२ होतो, रोज हेच चक्र. आता एका रात्री तो २ ला झोपला आणि ७ ला गजराने उठला. २ वाजता दाब ०.६८ झालेला, ५ तासांच्या झोपेने तो ०.२१ वर आला. ०.०९ ऐवजी ०.२१, ऐकायला किरकोळ. पण नेहमीच्या दिवशी ०.२१ हा आकडा त्याला उठल्यानंतर जवळजवळ अडीच तासांनी गाठायला लागतो. म्हणजे हा गडी सकाळी ७ ला उठला तोच जणू साडेनऊ वाजलेल्या अवस्थेत, आणि दिवसभर तो अडीच तास पुढेच पळत राहणार.

आता दुपारचे ३ बघा. नेहमीच्या दिवशी दाब ०.४२, आज ०.४९. निव्वळ झोपाळूपणा काढायला दाबातून घड्याळाचा आकडा वजा करायचा, ३ ला घड्याळ उणे ०.०५ आहे, म्हणजे नेहमी ०.४७ आणि आज ०.५४. संध्याकाळी ७ ला नेहमीचा दाब ०.५३ असतो पण घड्याळ अधिक ०.१५ देतं, म्हणून निव्वळ ०.३८. दाब जास्त असूनही संध्याकाळी ७ ला माणूस दुपारी ३ पेक्षा ताजा! हे तुम्ही अनुभवलंय, आता त्याचं गणितही हातात आलं. आणि म्हणूनच अपुऱ्या झोपेच्या दिवशी "संध्याकाळी बरं वाटतंय म्हणजे झोप भरून निघाली" हा निष्कर्ष काढायचा नाही, ते घड्याळाचं दान आहे, १०-११ नंतर ते परत घेतं.

मॉडेलची एक खोट मात्र आत्ताच सांगून ठेवतो. याच्या हिशोबाने एक रात्र ५ तास झोपून दुसऱ्या रात्री पूर्ण ८ तास काढले की दाब परत ०.१० वर येतो, सगळं माफ. एखाद-दुसऱ्या रात्रीला हे बऱ्यापैकी चालतं. पण रोज ६ तास झोपणाऱ्याचं काय? मॉडेल म्हणतं काही दिवसांत दाब एका जागी स्थिरावतो, आणि वर सांगितलेला १४ दिवसांचा प्रयोग म्हणतो की घसरण थांबतच नाही. अमेरिकी सैन्याच्या संशोधकांनी पुढे जी मॉडेलं केली (टूबी-अलर्ट नावाचं त्यांचं सॉफ्टवेअर आहे) त्यात म्हणून झोपेच्या जुन्या उधारीचा एक संथ चालणारा वेगळा हिशोब धरलेला असतो. आपल्या शीटमध्ये तेवढं नको, साधा जुगाड करा: गेल्या ७ रात्रींची सरासरी तुमच्या सुट्टीतल्या झोपेपेक्षा जितके तास कमी, तितक्या वेळा ०.०५ सकाळच्या दाबात जास्तीचे मिळवा. हाही आकडा अंदाजाचा, पण काहीच न मिळवण्यापेक्षा कमी चुकतो. सुट्टीतली झोप मोजताना पहिली सुट्टी धरू नका, त्या दिवशी उधारी फेडणं चालू असतं.

पायरी ४: कॅफिनचा कॉलम

कॅफिन पोटात गेल्यावर साधारण ३० ते ६० मिनिटांत रक्तात टोकाला पोचतं आणि मग निरोगी प्रौढ माणसात सरासरी ५ तासांनी निम्मं होतं. ताशी नियम: शरीरातल्या कॅफिनला ०.८७ ने गुणा, नवीन कप घेतला असेल तर त्याचे मिलिग्रॅम मिळवा.

सकाळी ८, ११ आणि दुपारी ४ असे ९५ मिलिग्रॅमचे तीन कप घेतले तर रात्री ११ ला किती उरतं? ८ चं १२, ११ चं १८, ४ चं ३६, एकूण ६६ मिलिग्रॅम. अंथरुणात शिरताना एक कप इन्स्टंट कॉफी प्यायल्यासारखंच झालं हे. एकटा ४ चा कप काढला तर ३० उरतात. २०१३ च्या एका अभ्यासात झोपायच्या ६ तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमनेसुद्धा झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती, आणि गंमत म्हणजे लोकांना स्वतःला ते नीट जाणवलं नव्हतं. "मला कॉफीने काही होत नाही, मी पिऊन झोपतो" म्हणणाऱ्यांना झोप लागते हे खरंच, पण ती किती तुटते हे त्यांना कुठून कळणार.

५ तास ही सरासरी आहे आणि माणसामाणसात फरक प्रचंड. यकृतातलं एक एन्झाइम कॅफिन फोडतं, त्याचा वेग जनुकांवर अवलंबून असतो. सिगारेट ओढणाऱ्यांत कॅफिन जवळपास दुप्पट वेगाने जातं (म्हणून सिगारेट सोडली आणि कॉफी तेवढीच ठेवली तर अचानक धडधड आणि झोपमोड सुरू होऊ शकते, लोक ते सिगारेट सोडल्याच्या खात्यावर टाकतात). गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत निम्मं व्हायचा वेळ साधारण दुप्पट होतो, गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात तर १५ तासांपर्यंत जातो. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि फ्लुवोक्सामिनसारखी औषधंही ते बरंच रेंगाळवतात. तुमचं निम्मं ८ तासांनी होत असेल तर ०.८७ च्या जागी ०.९१७ टाका आणि तेच तीन कप परत मोजा, रात्री ११ ला ६६ नाही, १११ मिलिग्रॅम निघतात.

आता कॅफिनचा परिणाम कसा धरायचा. सैन्याच्या मॉडेलमध्ये तो बेरीज-वजाबाकीने नाही, गुणाकाराने धरतात: झोपाळूपणा जितका जास्त तितकी कॅफिनची मदत जास्त, नीट झोपलेल्या माणसाला फार काही मिळत नाही. आपण सुरुवातीला असं धरू की शरीरात १०० मिलिग्रॅम असताना निव्वळ झोपाळूपणा एक पंचमांश कमी होतो. म्हणजे मघाचा दुपारी ३ चा ०.५४ होईल ०.४३, कॉफी न घेतलेल्या नेहमीच्या दिवसाच्या ०.४७ पेक्षाही बरा. वाचून हुरळून जाऊ नका. एक तर कॅफिन सुधारतं ते मुख्यतः लक्ष टिकवणं आणि प्रतिक्रियेचा वेग, गुंतागुंतीचा निर्णय, टप्पे लक्षात ठेवून करायचं काम, यात ते तितकं धावून येत नाही. दुसरं, ३ वाजताच्या १०० मिलिग्रॅममधले ३३ रात्री ११ ला अंगात असणार आणि ते उद्याच्या सकाळच्या दाबात दिसणार.

रोज पिणाऱ्यांसाठी आणखी एक मेख. रोजच्या कॅफिनची सवय लागते, आणि ते बंद केलं की १२ ते २४ तासांत डोकेदुखी, मरगळ सुरू होते, दुसऱ्या दिवसाच्या आसपास टोक गाठते आणि २ ते ९ दिवस टिकू शकते. सकाळच्या पहिल्या कपाने जे "हुश्श" होतं त्यात बराच वाटा ही मरगळ जाण्याचा असतो. त्यामुळे ज्या आठवड्यात अंदाज तपासायचाय त्याच आठवड्यात कॉफी सोडण्याचा संकल्प करू नका, दोन्हीची खिचडी होईल.

पायरी ५: स्वतःची चाचणी घ्या, नाहीतर हे सगळं ज्योतिष

झोपेच्या संशोधनात लक्ष किती टिकतं ते मोजणारी पीव्हीटी (सायकोमोटर व्हिजिलन्स टेस्ट) नावाची चाचणी वापरतात, १९८५ पासून. काम अगदी बावळट वाटेल असं: स्क्रीनवर २ ते १० सेकंदांच्या अनियमित अंतराने खूण येते, दिसली की बटण दाबायचं, सलग १० मिनिटं. ५०० मिलिसेकंदांहून उशीर झाला की तो लॅप्स. झोप कमी पडली की सरासरी वेगापेक्षा हे लॅप्स आधी बोलायला लागतात, म्हणजे माणूस बराच वेळ ठीक दाबतो आणि मध्येच एक सेकंद कुठेतरी गायब होतो. गाडी चालवताना तो एक सेकंद काय करू शकतो ते सांगायची गरज नाही.

मोबाइलवर अशी ॲप मिळतात, ३ मिनिटांची छोटी आवृत्ती पुरते. मोबाइलची स्क्रीन स्वतःच थोडा उशीर लावते म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका, तोच फोन, तीच बसायची जागा, तेच बोट. दिवसातून तीनदा घ्या, उठल्यावर तासाभराने, दुपारी ३ च्या सुमारास, रात्री ९ ला. उठल्या उठल्या घेऊ नका, जागं झाल्यावरची गुंगी साधारण अर्धा तास राहते, कधी त्याहून जास्त, ती दाबाच्या हिशोबात नाही आणि आकडे उगाच बिघडवते.

चाचणीआधी शीटमधला त्या तासाचा निव्वळ झोपाळूपणा हा अंदाज म्हणून लिहून ठेवायचा, आधी म्हणजे आधीच. नंतर लिहिलात तर तो जुळणारच.

पायरी ६: जुळवाजुळव

आठवड्याने अंदाज आणि लॅप्स शेजारी मांडा. सगळे तास सारखेच चुकतायत तर झोपेची उधारी कमी-जास्त धरली गेलीय. फक्त दुपारी किंवा फक्त रात्री चुकतंय तर घड्याळाचे आकडे सरकवा, उशिरा झोपणाऱ्या माणसाची दरी आणि टोक दोन्ही पुढे असतात. कॅफिनच्या दिवशीच चुकतंय तर एक पंचमांशचा आकडा बदला, आणि कॉफीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चुकतंय तर बहुधा तुमच्यात कॅफिन ५ तासांपेक्षा जास्त रेंगाळतंय. एका आठवड्यात एकच आकडा बदला. सगळे एकदम हलवले की शीट जुळते पण कशामुळे जुळली ते कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात परत तीच रडगाणी.

आता याचा उपयोग

समजा उद्या दुपारी ३ ला महत्त्वाचं काम आहे आणि आज झोप ५ तासच मिळणार हे दिसतंय. शीटमध्ये तीन पर्याय टाकून बघा: ८ ला दोन कप, ८ ला एक आणि २ ला एक, किंवा १ ला २० मिनिटांची डुलकी आणि त्याच्या अगदी आधी एक कप. पहिला पर्याय नेहमी हरतो, सकाळचं बरंचसं कॅफिन ३ पर्यंत उतरलेलं असतं. तिसरा एकाच कपात जवळजवळ दुसऱ्याइतका चांगला येतो, कारण कॅफिन चढायला लागतो तेवढा वेळ डुलकीत जातो आणि उठताना दोन्हींची मदत मिळते. डुलकी २० मिनिटांच्या पुढे नेऊ नका, गाढ झोपेतून उठलात तर गुंगीच जास्त. कॅफिन थोडं थोडं आणि योग्य वेळी घेण्याने किती फरक पडतो याचं एक उदाहरण: २०१८ मध्ये त्याच सैन्य संशोधकांनी कॉम्प्युटरकडून वेळापत्रक ठरवून घेतलं तेव्हा तेवढ्याच कॅफिनमध्ये सतर्कता ६४ टक्क्यांपर्यंत जास्त सुधारू शकते असं निघालं. एकदम मोठा मग रिचवणं हा बहुधा सगळ्यात उधळा मार्ग.

रात्रपाळी असेल तर दाब आणि घड्याळ दोन्ही एकाच वेळी विरोधात जातात, पहाटे ४ च्या सुमाराला शीटमधला आकडा दिवसभरात कधीच गेला नसेल इतका वर जाईल. तिथे पाळीच्या आधी दीड तासाची झोप दाब बराच खाली आणते, आणि कॅफिन पाळीच्या पहिल्या अर्ध्यात, कारण सकाळी घरी जाऊन झोपायचंय. पाळी संपल्यावर गाडी चालवायची असेल तर मात्र शीट बाजूला ठेवा. १९९७ च्या एका अभ्यासात सलग १७ तास जागं राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी झाली होती, २४ तासांनी साधारण ०.१० टक्क्यांसारखी. १७ तास म्हणजे ७ ला उठून रात्रीचे १२, फार काही नाही.

मर्यादा: निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि एका वेळी २०० पर्यंत हे युरोपातल्या अन्न सुरक्षा संस्थेचे आकडे आहेत, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्यांसाठी दिवसाला २००. हृदयाचे ठोके चुकण्याचा त्रास, खूप अँग्झायटी किंवा वर सांगितलेली औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि शीट तुम्हाला आठ तास झोपूनही रोज दुपारी ताजं दाखवत असेल पण चाचणीत लॅप्सवर लॅप्स पडत असतील, घरातले घोरण्याची तक्रार करत असतील, सकाळी डोकं जड असेल, तर आकडे जुळवत बसू नका. झोपेत श्वास अडकत असेल तर आठ तास अंथरुणात राहूनही दाब उतरत नाही, तिथे झोपेची तपासणी करून घ्यावी लागते, आणि दोन आठवड्यांची ती नोंद डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या, त्यांना ती कामाला येते.